लिंबू, लेक्सस आणि आधीचा मालक

आपल्याकडे नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतात आणि ते चिरडून गाडी पुढे काढतात. अमेरिकेत उलटं आहे. तिथे वाईट निघालेल्या गाडीलाच 'लेमन' म्हणतात! बाहेरून पिवळंधमक, तुकतुकीत. चावल्यावर मात्र दात आंबले म्हणून समजा.

या लिंबावर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक पेपर लिहिला. जेमतेम तेरा पानांचा. त्याआधी तीन नामांकित जर्नल्सनी तो साभार परत केला होता. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं (स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर विभागून), ते मुख्यतः या कामासाठी. आपल्या कोडची रिव्ह्यू रिक्वेस्ट तीनदा परत आली की मी स्वतःला ही गोष्ट सांगतो.

पेपरातला प्रश्न अगदी घरगुती आहे. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की लगेच तिची किंमत एवढी का घसरते? आपण म्हणतो, नव्याची नवलाई असते. अ‍ॅकरलॉफ म्हणतो, तेवढ्याने भागत नाही. विकणाऱ्याला गाडी कशी आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सरासरी पकडून भाव सांगतो. ज्याची गाडी खरंच चांगली आहे त्याला तो भाव परवडत नाही, तो गाडी विकतच नाही. बाजारात उरतात त्या सरासरीपेक्षा वाईट. मग सरासरी आणखी खाली येते, भाव आणखी पडतो, त्यातल्या त्यात बऱ्या गाड्यांचे मालकही मागे फिरतात... आणि हे चक्र चालू राहतं.

गंमत म्हणजे १९६७-६८ हे वर्ष हा माणूस दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता. पेपरात त्याने भारतातल्या गृहिणीचं उदाहरण दिलंय. बाजारात मुद्दाम तांदळासारखेच दिसणारे खडे तांदळात मिसळतात, ते तिला निवडून काढावे लागतात. आमची आजी सुपात तांदूळ घेऊन दुपारभर जे करत बसायची त्याला नोबेलच्या भाषेत 'क्वालिटी अनसर्टन्टी' म्हणतात, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

तर, मी हे सगळं वाचायला लागलो त्याचं कारण वापरलेल्या लक्झरी सेडान. आमच्या वयाच्या, आमच्या धंद्यातल्या मंडळींना हा आजार हमखास होतो. पगार बरा असतो, ईएमआय अजून गळ्यापर्यंत आलेला नसतो, आणि कुठल्याशा जाहिरातीत दिसतं की नव्या हॅचबॅकच्या किंवा छोट्या एसयूव्हीच्या पैशात जर्मन सेडान मिळतेय. समजा, नवी असताना साठ लाखांची गाडी आठ-नऊ वर्षांनी तेरा-चौदा लाखांना आली. मन म्हणतं, शेहेचाळीस लाखांचं डिस्काउंट!

पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या पार्ट्सची उतरत नाही. एअर सस्पेन्शन, गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट, हेडलाइटचा कंट्रोल मॉड्यूल, हे सगळं साठ लाखांच्या गाडीच्या हिशेबानेच मिळतं. शिवाय कंपन्या नवीन तंत्रज्ञान सर्वात आधी याच गाड्यांत घालतात. म्हणजे व्हर्जन १.० कायम लक्झरी सेडानमध्ये. आपल्याला माहितीये व्हर्जन १.० म्हणजे काय असतं ते. पहिला मालक वॉरंटीत असतो, त्याला झळ लागत नाही. तिसऱ्या मालकाच्या हातात ते सगळं वॉरंटी संपल्यावर येतं. म्हणून अ‍ॅकरलॉफचं लिंबू साध्या मारुतीपेक्षा इथे जास्त आंबट.

'पण मर्सिडीज म्हणजे मर्सिडीज, आयुष्यभर चालते' असं म्हणणारे एक काका प्रत्येकाच्या घरात असतात. ते खोटं बोलत नसतात. आपल्याकडे मर्सिडीजचा तारा लोकांनी आधी पाहिला तो ट्रकवर. टेल्कोने १९५४ पासून १९६९ पर्यंत डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवले, आणि ते ट्रक कधी मोडायचेच नाहीत अशी ख्याती. तिकडे युरोपात हे नाव टॅक्सीवाल्यांनी कमावून दिलं. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्याने १९८१ मध्ये एक वापरलेली १९७६ ची २४० डी घेतली, तेव्हाच ती दोन लाख वीस हजार किलोमीटर धावलेली होती. २००४ मध्ये त्याने ती कंपनीच्या म्युझियमला दिली तेव्हा आकडा होता ४६ लाख किलोमीटर! अर्थात, एंजिनं त्याने अनेकदा काढली-बदलली होती. गाडी इतकी चालली ती तिच्या बांधणीमुळे, आणि तितकीच त्या माणसाच्या हातांमुळे. काकांच्या गोष्टीत हा दुसरा भाग गळलेला असतो.

पुणेकरांना ज्या मर्सिडीजबद्दल विशेष जिव्हाळा ती डब्ल्यू १२४. जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आलेली ही गाडी १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडली जाऊ लागली. भारतात तयार होणारी ती पहिली मर्सिडीज कार. (जर्मनीत त्याच वर्षी तिची वारस, डब्ल्यू २१०, बाजारात आली. म्हणजे आपल्याला जेवणावळीची दुसरी पंगत मिळाली म्हणायची.) चौकोनी, गंभीर चेहऱ्याची, एकच मोठा वायपर असलेली. तो वायपर काचेवर फिरताना बघणं हा पावसाळ्यातला एक छंद होऊ शकतो. जाणकार मंडळी आजही हिला कंपनीची शेवटची 'खरी' मर्सिडीज म्हणतात.

आणि नेमक्या याच गाडीत एक मजेशीर, म्हणजे मालकाला रडवणारी भानगड आहे. साधारण १९९३ ते १९९५ च्या पेट्रोल गाड्यांत एंजिनाचं जे वायरिंग हार्नेस वापरलं त्याच्या वायरींचं आवरण उष्णतेने कडक होऊन चुऱ्यासारखं झडतं. वायरी उघड्या पडतात, एकमेकींना चिकटतात, एंजिन मिसफायर करतं, नशीब खराब असेल तर कंट्रोल युनिट जळतं. ऐंशीच्या दशकातल्या डब्ल्यू १२४ ला हा रोग नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेललाही नाही. म्हणजे एकच मॉडेल, एकच तारा, पण १९८८ ची घेणारा सुखात आणि 'जरा नवी बघू' म्हणून १९९४ ची घेणारा गॅरेजात! हार्नेस बदलल्याचं बिल असेल तर मात्र तीच १९९४ ची गाडी उत्तम. 'मर्सिडीज रिलायबल असते का?' हा प्रश्नच इथे निरर्थक होतो. कुठल्या वर्षाची, कुठल्या एंजिनाची, आणि कुठलं काम झालेली, हे विचारावं लागतं.

त्याच सुमारास पॅसिफिकपलीकडे काय चाललं होतं ते बघू. ऑगस्ट १९८३ मध्ये टोयोटाचे चेअरमन एजी टोयोडा यांनी बंद दाराआड बैठक घेऊन विचारलं, जगातल्या सर्वोत्तम गाड्यांना आव्हान देणारी गाडी आपण बनवू शकतो का? इचिरो सुझुकी हे मुख्य अभियंता (सुझुकी कंपनीशी संबंध नाही, बरं का!). त्यांनी मागण्यांची जी यादी केली ती आपल्या एखाद्या क्लायंटलाही लाजवेल. टॉप स्पीड ताशी २५० किलोमीटर हवा, पण मायलेज इतकं हवं की अमेरिकेचा 'गॅस गझलर' टॅक्स लागता कामा नये. गाडी शांत हवी, पण हलकीही हवी. एक मिळवायचं तर दुसरं सोडा, हे उत्तर त्यांना मान्य नव्हतं. आवाज कमी करायला जाड अस्तर लावणं सोपं होतं. सुझुकींचं म्हणणं, आवाज मुळात निर्माणच का होतो ते बघा, पार्ट अधिक अचूक घडवा. बग लपवू नका, रूट कॉज शोधा. जवळपास ४५० प्रोटोटाइप झाले, खर्च एक अब्ज डॉलरच्या घरात गेला.

जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लेक्सस एलएस ४०० आली, सप्टेंबरात विक्री सुरू झाली. सुरुवातीची किंमत ३५ हजार डॉलर, जर्मन स्पर्धकांपेक्षा खूपच कमी. बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचून चाकं जोरात फिरवायची आणि एकही ग्लास हलत नाही, ही तिची जाहिरात अनेकांनी पाहिली असेल. बीएमडब्ल्यूच्या लोकांनी 'हे डंपिंग आहे' अशी ओरड केली. १९९१ पर्यंत लेक्सस अमेरिकेत सर्वात जास्त खपणारी आयात लक्झरी गाडी झाली होती.

पण मला त्या सगळ्यापेक्षा डिसेंबर १९८९ ची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. विक्री सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तोवर विकलेल्या गाड्या सुमारे ८०००. त्यांपैकी दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या, वायरिंग आणि मागचा वरचा ब्रेक लाइट यांबद्दल. दोनच! कंपनीने सगळ्या आठ हजार गाड्या परत बोलावल्या. बोलावल्या म्हणजे काय, माणसं घरी पाठवून नेल्या, दुरुस्त केल्या, आणून पोचवल्या. वीस दिवसांत काम खलास. दूरच्या गावी डीलर नव्हता तिथे विमानाने मेकॅनिक पाठवले, भाड्याने गॅरेजं घेतली. नव्याकोऱ्या ब्रँडला रिकॉल म्हणजे खरं तर मरण. पण लोकांनी उलटा अर्थ लावला, की या कंपनीच्या गाडीत काही बिघडलं तर ते लपवलं जात नाही. अ‍ॅकरलॉफच्या भाषेत सांगायचं तर विकणाऱ्याने स्वतःहून घेणाऱ्याला माहिती दिली.

याचा वापरलेल्या गाड्यांशी काय संबंध? खूप आहे. अमेरिकेत लक्झरी गाड्या मोठ्या प्रमाणावर लीजवर जातात. दोन-तीन वर्षं वापरायची, मग परत. म्हणजे तीन वर्षांची जुनी गाडी कंपनीच्याच अंगावर येते आणि तिचा बाजारभाव पडला तर नुकसान कंपनीचं. इथे पहिल्यांदाच जुन्या गाडीची अब्रू हा कंपनीच्या ताळेबंदाचा प्रश्न झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लेक्ससने, आणि थोड्याफार फरकाने इतरांनीही, 'सर्टिफाइड प्री-ओन्ड' नावाचा प्रकार रुजवला. जुनी गाडी स्वतः तपासायची, दुरुस्त करायची, वर वॉरंटी द्यायची. 'सेकंडहँड' शब्दाचा वास घालवायला 'प्री-ओन्ड' हा शब्दही कामी आला. लिंबाच्या बाजारावर उपाय म्हणून गॅरंटी आणि ब्रँडचं नाव, हे दोन्ही अ‍ॅकरलॉफच्या पेपरात होतेच.

यातली मेख कुणी मोठ्याने सांगत नाही. सर्टिफिकेटसाठी चांगल्या, कमी चाललेल्या गाड्या निवडल्या की उरलेल्या कुठे जातात? लिलावात. तिथून छोट्या डीलरकडे. म्हणजे चांगल्यांची मलई वेगळी काढल्यावर बिनसर्टिफिकेटच्या बाजारात लिंबांचं प्रमाण आणखी वाढतं. स्वस्त जाहिरात दिसते ती बहुतेक वेळा त्या बाजारातली.

अमेरिकेने बाकीही उपाय केले. मीटर मागे फिरवायला १९७२ च्या कायद्याने बंदी घातली, १९८६ मध्ये मालकी बदलताना रीडिंग कागदावर लिहून देणं बंधनकारक केलं. कारफॅक्स ही गाड्यांचा पूर्वेतिहास विकणारी कंपनी १९८४ मध्ये मिसुरीत सुरू झाली, तीही एका कॉम्प्युटरवाल्याने. आपल्याकडे आता 'वाहन'वर नंबर टाकला की नोंदणीचं वर्ष, कितवा मालक, विमा कधीपर्यंत हे कळतं. पण गाडी कशी वापरली ते नाही.

आमच्या टीममधल्या एका मुलाच्या बाबतीत हे अगदी जवळून पाहिलं. लग्न ठरलेलं, साठवलेले चौदा लाख हातात, आणि त्याला हवी होती आठ वर्षांची जर्मन डिझेल सेडान. मीटर ५८ हजार, पांढरी, आतून चकाचक, डॉक्टरांची गाडी (सगळ्याच डॉक्टरांच्या असतात). त्याने पंचवीस हजार टोकन देऊन टाकलं आणि मग मला म्हणाला, "तू एकदा बघून घे ना." मी माझ्या ओळखीच्या मेकॅनिक काकांना घेऊन गेलो. काकांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. ब्रेक पेडलचं रबर पाहिलं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड चाचपली, स्टीअरिंगच्या चामड्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच मला म्हणाले, "साहेब, अठ्ठावन हजारात रबर एवढं गुळगुळीत होत नाही. दीडेक लाख फिरलीय ही."

दोन दिवसांनी वर्कशॉपच्या सर्व्हिस रेकॉर्डचा प्रिंटआउट मिळाला. दोन वर्षांपूर्वीची शेवटची नोंद होती १ लाख २१ हजारांची. त्यानंतर गाडी तिथे गेलेलीच नाही. डीलर म्हणाला, "मीटर बदललाय, त्यामुळे असेल." टोकनपैकी पंधरा हजार परत मिळाले, तेही चार चकरांनंतर. मला विचाराल तर त्या दहा हजारांत पोराचे चौदा लाख वाचले. गिअरबॉक्सचं एक बिल आलं असतं तर रिसेप्शनच्या हॉलचे पैसे त्यात गेले असते.

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी गाडी चालवून बघायच्या आधी कागद मागतो. सर्व्हिसच्या नोंदींत किलोमीटर चढत्या क्रमाने आहेत का, मध्ये दोन-तीन वर्षांची पोकळी आहे का. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती आहे, कारण पाच-सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या आणि 'ओरखडासुद्धा नाही' अशा गाडीवर बोनस शून्य असेल तर काहीतरी घडलेलं असतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला चिखलाची रेघ आहे का ते बघतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईची गाडी म्हटलं की आधी पाणीच आठवतं. आणि त्या विशिष्ट वर्षाच्या, विशिष्ट एंजिनाच्या ठरलेल्या दुखण्यांची यादी घेऊन जातो. यादीतलं काम झालेलं असेल तर चढी किंमतही मला पटते. झालेलं नसेल तर त्याचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलायला बसायचं.

तुम्ही म्हणाल, मग जे. डी. पॉवरसारखे सर्व्हे कशाला असतात? त्यांचा डिपेंडेबिलिटीचा सर्व्हे गाजलेला आहे, लेक्सस त्यात सलग चौदा वर्षं पहिली होती. २००९ मध्ये ती मालिका तुटली आणि पहिल्या क्रमांकावर ब्यूइक आणि चक्क जग्वार बरोबरीने आल्या. पण हा सर्व्हे बघतो तीन वर्षांची गाडी, आणि विचारतो पहिल्या मालकाला. आपण घेणार असतो आठ-दहा वर्षांची, तिसऱ्या हातातली. जग्वारचा तो पहिला नंबर बघून २००६ ची जग्वार २०१८ मध्ये घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

एलएस ४०० लाही दुखणी आहेतच. पॉवर स्टीअरिंगचं तेल गळतं आणि बरोबर खाली असलेल्या अल्टरनेटरवर ठिबकतं. वय झालं की कंट्रोल युनिटमधले कपॅसिटर गळतात, डॅशबोर्डचे आकडे दिसेनासे होतात. फरक इतकाच की ही दुखणी ठाऊक आहेत, मोजकी आहेत, आणि एकदा निस्तरली की बराच काळ डोकं वर काढत नाहीत. लेक्सस भारतात अधिकृतपणे आली ती थेट २०१७ मध्ये, त्यामुळे या गाडीची गोष्ट आपल्यासाठी वाचण्यापुरतीच.

त्याच २०१७ मध्ये मॅट फराह या अमेरिकन मोटार-पत्रकाराच्या १९९६ च्या एलएस ४०० ने दहा लाख मैल पूर्ण केले. त्याने ती तीन वर्षांपूर्वी घेतली तेव्हाच ती नऊ लाख मैलांच्या आसपास चाललेली होती. इतकी चाललेली गाडी कुणी शहाणा घेणार नाही. याने घेतली, आणि मित्रांना, इतर पत्रकारांना चालवायला देत देशभर फिरवली. टोयोटाच्या लोकांनी मीटरला सहाच आकडे ठेवले होते, त्यामुळे तो ९,९९,९९९ वर येऊन थांबला. गाडी पुढे चालूच होती.